अनोळखी कॅलिबरचं पहिलं काडतूस

काही महिने नेमबाजीच्या रेंजवर .२२ची हलक्या धक्क्याची बंदूक चालवली, टार्गेटवरचे छेद तळहाताएवढ्या जागेत पडू लागले, की पुढची ओढ लागतेच. कुणाला ९ मिमी बघायची असते, कुणाला .४५, कुणाला थेट .३५७ मॅग्नम. ओढ चांगली आहे, पण ती पहिली भेट कशी होते यावर पुढचं बरंच ठरतं. पहिल्याच दिवशी हात आणि कान दुखावले, तर अंग ते विसरत नाही; नंतर साध्या .२२वरसुद्धा चाप ओढताना मनगट आधीच दबतं. माझं हे झालेलं आहे. एका हलक्या रिव्हॉल्व्हरमधून .३५७ची तीस काडतुसं मी एका बैठकीत झाडली. अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यातली सूज चार दिवसांत उतरली, पण बार व्हायच्या आधीचा तो दचका घालवायला दोन महिने गेले. नव्या माणसाचे ते दोन महिने वाचावेत म्हणून हे सगळं सविस्तर लिहितो आहे.

आधी काडतूस वाचा

कॅलिबर म्हणजे ढोबळमानाने गोळीचा व्यास. .४५ म्हणजे इंचाचे पंचेचाळीस शतांश, साधारण साडेअकरा मिलिमीटर. पण निव्वळ आकड्यावर विसंबू नका. .३८ स्पेशलची गोळी प्रत्यक्षात .३५७ इंचाची असते आणि .४४ मॅग्नमची .४२९ इंचाची. ही नावं वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या कारखान्यांत पडली, त्यामुळे त्यांना एक शिस्त नाही. '९ मिमी'चंच बघा. जॉर्ज लुगरचं १९०२ सालचं काडतूस ९ मिमी लुगर, ९ मिमी पॅराबेलम आणि ९ बाय १९ अशा तिन्ही नावांनी ओळखलं जातं, वस्तू एकच. मात्र ९ मिमी कुर्त्स, म्हणजे .३८० एसीपी, हे आखूड आणि वेगळं काडतूस आहे. ९ बाय १८ मकारोव्ह तिसरंच, आणि त्याची गोळी तर ९.२७ मिमीची, म्हणजे किंचित जाडही असते.

काडतूस उलटं करून तळ बघा. मधोमध प्रायमरची, म्हणजे ठोका बसला की दारू पेटवणारी, गोल टिकली दिसेल आणि तिच्याभोवती पितळेवर ठसवलेली बारीक अक्षरं. त्यात बनवणाऱ्याची खूण आणि बहुतेक वेळा कॅलिबरचं नाव असतं. बंदुकीच्या नळीवर किंवा स्लाईडवरही (पिस्तुलाच्या वरच्या, मागेपुढे सरकणाऱ्या भागावर) कॅलिबर कोरलेलं असतं. खोक्यावर, काडतुसाच्या तळाशी आणि बंदुकीवर, तिन्ही ठिकाणी एकच काडतूस सांगितलेलं असेल तरच भरा. .२२च्या तळाशी ही टिकली नसते, कारण तिथे पेट घेणारं रसायन काठाच्या आतल्या खोबणीत भरलेलं असतं. म्हणूनच तिला रिमफायर म्हणतात.

'बसतंय, म्हणजे चालेल' हा हिशेब इथे कधीही करू नका. ९ मिमीचं काडतूस .४०च्या पिस्तुलात शिरू शकतं, उडूही शकतं, आणि मग भोवती आधार नसल्यामुळे पुंगळी, म्हणजे काडतुसाचं पितळी कवच, फाटते. .३८ स्पेशल .३५७ मॅग्नमच्या रिव्हॉल्व्हरमध्ये सुरक्षितपणे चालतं. व्यास तोच, लांबी तेवढी कमी. उलटं मात्र चालत नाही. मॅग्नमची पुंगळी मुद्दाम तीन मिलिमीटरहून थोडी लांब ठेवली, ती .३८च्या सिलिंडरमध्ये (रिव्हॉल्व्हरच्या काडतुसं ठेवायच्या फिरत्या भागात) मावू नये यासाठीच, कारण अमेरिकी मानकांत .३८ स्पेशलचा कमाल दाब १७,००० पीएसआय (चौरस इंचामागे पौंड) आहे आणि .३५७चा ३५,०००. खोक्यावर '+पी' असेल तर तो भार नेहमीपेक्षा जास्त दाबाचा आहे. जुन्या किंवा माहिती नसलेल्या बंदुकीत तो घालू नका. आणि बेंचवर एका वेळी एकाच कॅलिबरचं खोकं उघडं असू द्या. दुसरं बंद करून पिशवीत.

धक्का येतो तो बंदूक आणि काडतूस या जोडीचा

'.४५ फार जोरात मारते का?' हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो. त्याचं खरं उत्तर 'कोणत्या बंदुकीतून?' असं आहे.

गोळीचं वजन खोक्यावर ग्रेनमध्ये लिहिलेलं असतं. एक ग्रेन म्हणजे सुमारे ०.०६५ ग्रॅम. .२२ची नेहमीची गोळी ४० ग्रेनची, म्हणजे २.६ ग्रॅम. ९ मिमीची ११५ ग्रेनची, साडेसात ग्रॅमच्या आसपास. .४५ एसीपीची २३० ग्रेनची, जवळपास १५ ग्रॅम, पण तिचा वेग कमी, सेकंदाला अडीचशे मीटरच्या थोडा वर. ९ मिमी साधारण साडेतीनशेने जाते. वजन आणि वेग यांचा गुणाकार केला तर ९ मिमीचा रेटा .२२च्या तीन-साडेतीन पट येतो, .४५चा साडेचार-पाच पट आणि .४४ मॅग्नमचा सात-आठ पट. जळलेल्या दारूचा वायूही गोळीमागून सुटतो, त्याचा रेटा आणखी वर. मॅग्नममध्ये तो चांगलाच जाणवतो.

हा सगळा रेटा बंदुकीच्या वजनावर येऊन पडतो. किलोभर वजनाच्या पोलादी पिस्तुलातली .४५ तळहातावर एक जाड, सावकाश ढकल देते. खिशात मावणाऱ्या चार-साडेचारशे ग्रॅमच्या रिव्हॉल्व्हरमधलं साधं .३८ स्पेशल मात्र हाताला चावतं. बंदूक निम्म्या वजनाची झाली की ती दुप्पट वेगाने मागे येते आणि तिच्यातली धक्क्याची ऊर्जाही दुप्पट होते. हे ठाऊक नसलेला माणूस पहिल्यांदा छोटीशी बंदूक मागतो, 'लहान आहे, झेपेल' म्हणून. नव्या माणसाने नेमकं उलट करावं. नवं कॅलिबर त्या कॅलिबरमध्ये मिळेल त्या सगळ्यात जड, लांब नळीच्या, तळहाताला भरून येणाऱ्या मुठीच्या बंदुकीतून आधी चालवावं. मॅग्नम बघायची असेल तर .३५७च्या जड रिव्हॉल्व्हरमध्ये आधी .३८ स्पेशल भरा. तीच मूठ, तोच चाप आणि निम्म्याहून कमी दाब. मॅग्नमकडे जायची याहून चांगली पायरी मला ठाऊक नाही.

स्पर्धेच्या वाटेने आलेल्यांची पायरी थोडी वेगळी असते. १० मीटरची ४.५ मिमी एअर पिस्तूल, मग २५ मीटरची .२२, आणि मग सेंटरफायर, म्हणजे तळाच्या मधोमध प्रायमर असलेली काडतुसं, जिथे ७.६२ ते ९.६५ मिमीपर्यंतची कॅलिबरं चालतात. तिथे बरेच नेमबाज .३२ एस अँड डब्ल्यू लाँग वापरतात, आणि .२२वरून तिच्यावर जाणं सोपं जातं; धक्का मऊ असतो.

निघण्यापूर्वी

हँडगनचा बार साधारणपणे १५५ ते १६५ डेसिबलच्या घरात असतो, आणि १४०च्या वरचा एकच स्फोटही कानाला कायमची इजा करू शकतो. बंदिस्त रेंजवर मोठं कॅलिबर चालवायचं असेल तर कानात फोमचे बोळे आणि वरून इअरमफ, दोन्ही घाला. दोघांचे आकडे जोडून येत नाहीत, जास्त संरक्षण देणाऱ्याच्या वर साधारण पाचच डेसिबल मिळतात. पण ते हवेत. बोळा वळून बारीक करा, दुसऱ्या हाताने कानाची पाळी वर आणि मागे ओढून आत घाला, फुगेपर्यंत धरून ठेवा. अर्धवट घातलेला बोळा नसल्यात जमा. आणखी एक गोष्ट: दचकण्याचं निम्मं कारण धक्का नसून आवाज असतो. कान नीट झाकले की हातही शांत राहतो.

डोळ्यांना बाजूंनीही झाकणारा चष्मा, डोक्यावर पुढे झडप असलेली टोपी आणि गळाबंद शर्ट. गरम पुंगळी उडून कॉलरमध्ये पडली की माणूस अंग झटकत वळतो, आणि हातातली भरलेली बंदूक त्याच्याबरोबर वळते. तसं झालंच तर भाजू द्या. नळी समोर ठेवा, बंदूक बेंचवर टेका, मग शर्ट झटका. प्रायमर आणि गोळीतून शिशाची धूळ उडते, त्यामुळे रेंजवर खाणं-पिणं नको, आणि निघताना हात-तोंड साबणाने धुवा.

बंदूक हातात आल्यावर

चार नियम तुम्ही शिकलेलेच आहात: प्रत्येक बंदूक भरलेली समजा, जे उद्ध्वस्त व्हायला नको त्याच्याकडे नळी करू नका, साइट (नेम धरायची खूण) लक्ष्यावर येईपर्यंत बोट चापाबाहेर, आणि लक्ष्य व त्याच्यामागे काय आहे ते ओळखा. अमेरिकी नेमबाजी प्रशिक्षक जेफ कूपर यांनी हे नियम या चौकटीत रूढ केले. नवी बंदूक हातात आली की सरावलेल्या माणसाचाही पहिला आणि तिसरा नियम सुटतो, कारण सगळं लक्ष नवलाईकडे असतं. म्हणून रेंज ऑफिसरला स्पष्ट सांगा: 'हे कॅलिबर आणि ही बंदूक मी पहिल्यांदा चालवतोय.' यात कमीपणा काही नाही. चांगला ऑफिसर हे ऐकून खूश होतो आणि शेजारी येऊन उभा राहतो.

रिकामी बंदूक नळी समोर ठेवून ओळखून घ्या. मॅगझिन (काडतुसांची पेटी) कुठून सुटतं, स्लाईड कशी अडकते, सेफ्टी वर म्हणजे चालू की खाली? परवानगी असेल तर रिकाम्या चेंबरवर पाच-सहा वेळा चाप ओढा. बहुतेक आधुनिक सेंटरफायर बंदुकांना याने काही होत नाही; .२२वर मात्र विचारल्याशिवाय करू नका. डबल ॲक्शन रिव्हॉल्व्हरचा, म्हणजे जिथे चापच हॅमर मागे ओढून सोडतो तिचा, चाप पाच किलोच्या आसपास जोर मागतो. हॅमर आधी ओढून ठेवला की तोच चाप दीड-दोन किलोत सुटतो. हा फरक काडतूस भरल्यावर कळला, तर उशीर झालेला असतो.

पकड .२२पेक्षा घट्ट आणि वर. मुठीची मागची बाजू जिथे वर संपते तिथवर हाताचं बेचकं चढवा. हात जितका वर, तितकी नळी कमी उसळते. दुसरा हात मोकळ्या राहिलेल्या जागेत भरा आणि पकडीचा जास्त जोर त्याच हाताचा असू द्या. पिस्तुलात दोन्ही अंगठे एकाच बाजूला, समोरच्या दिशेने. स्लाईडच्या मागे अंगठा कधीही नाही. रिव्हॉल्व्हर धरताना हीच सवय घातक ठरते. सिलिंडर आणि नळी यांच्यामधल्या फटीतून प्रत्येक बाराला तापलेला वायू बाजूला फुटतो, आणि मॅग्नममध्ये तो बोट कापू शकतो. रिव्हॉल्व्हरला अंगठे खाली वळवून, एकावर एक. खांदे पावलांच्या किंचित पुढे, कोपर ताठ नकोत.

पहिला बार

आधी दुसऱ्याला झाडू द्या. ऑफिसरने किंवा त्या कॅलिबरच्या जाणकाराने दोन बार काढावेत आणि तुम्ही मागे उभं राहून ते ऐकावेत. त्याचं कारण मोठं आहे. काडतुसात दारू कमी पडली किंवा नसलीच, तर नुसता प्रायमर गोळीला नळीत ढकलतो आणि ती तिथेच अडकते. आवाज 'फुस्' असा येतो, धक्का जवळजवळ नसतो. त्यावर पुढचं काडतूस उडवलं तर नळी फुटू शकते. .२२चा अशक्त बार तुम्हाला लगेच ओळखू येईल. पण .४५चा नेहमीचा बार तुम्ही कधी ऐकलाच नसेल, तर अशक्त बार कशावरून ओळखणार? दोन बार कानात बसले की मापाला काहीतरी असतं.

टार्गेट पाच ते सात मीटरवर लावा, मोठा कागद. पहिल्यांदा एकच काडतूस भरायचं. पिस्तुलाच्या मॅगझिनमध्ये एक, बस. नवख्याच्या हातात बंदूक उसळते, तो दचकून ती आवळतो आणि त्या आवळण्यात बोट पुन्हा चाप ओढतं. तेव्हा नळी कुठे असेल याचा नेम नाही. दुसरं काडतूस आतच नसलं तर हा धोका मुळातच उरत नाही.

रिव्हॉल्व्हरमध्ये एकच काडतूस भरताना थोडं डोकं लावावं लागतं. चाप ओढला की सिलिंडर आधी एक घर फिरतो आणि मग हॅमर पडतो. म्हणून काडतूस नळीसमोरच्या घरात न ठेवता, फिरून नळीसमोर येणाऱ्या घरात ठेवायचं. मागून बघितलं तर स्मिथ अँड वेसनचा सिलिंडर घड्याळाच्या उलट फिरतो, कोल्टचा घड्याळाप्रमाणे. काडतूस चुकीच्या घरात पडलं तर नुसती टिकटिक होते आणि माणूस गोंधळून नळी वळवून बघू लागतो. तसं करू नका.

आता नेम धरा, श्वास अर्धा सोडा आणि चाप सरळ मागे, न थांबता दाबत राहा. बार नेमका कधी होईल ते ठरवू नका. झाल्यावर लगेच बंदूक खाली घेऊ नका. चाप मागेच धरून साइट परत कुठे येऊन बसते ते बघा, मग बोट बाहेर काढा. पिस्तुलाची स्लाईड रिकाम्या मॅगझिनवर मागे अडकलेली असायला हवी. अडकली नाही तर बहुधा तुमचा अंगठा तिच्या खटक्यावर होता किंवा मनगट ढिलं पडलं होतं. .२२च्या धक्क्याला ढिलं मनगट चालून गेलं असेल. ९ मिमी किंवा.४५च्या पिस्तुलाला मागे रेटा द्यायला ताठ मनगट लागतंच, नाहीतर पुंगळी अडकते.

एक बार, थांबा. पुन्हा एक. असे पाच झाले आणि सहज वाटले तर दोन-दोन भरा.

'टक्' आवाज आला आणि बार झाला नाही, तर नळी समोरच धरून तीस सेकंद थांबा. क्वचित प्रायमर उशिरा पेटतो. रिव्हॉल्व्हरमध्ये या वेळी दुसऱ्यांदा चाप ओढण्याचा मोह आवरा. सिलिंडर फिरला आणि मागचं काडतूस तेव्हाच पेटलं, तर गोळीला बाहेर जायला नळीच नसते. आणि 'फुस्' वाटलं, जरासा संशय जरी आला, तरी बोट बाहेर, नळी समोर, मोकळा हात वर करून ऑफिसरला बोलवा. पुढचा बार काढायचा नाही.

दचका पकडायचा कसा

सोबतच्या माणसाकडे बंदूक द्या. तुम्हाला न दाखवता त्याने कधी खरं, कधी डमी (दारू नसलेलं खोटं) काडतूस भरून द्यावं. डमीवर हॅमर पडेल तेव्हा बार नाही, धक्का नाही. फक्त तुम्ही काय केलं ते दिसतं. साइट हलली नाही तर उत्तम. बहुतेकांची मात्र नळी त्या क्षणी टुणकन खाली जाते, कधी दोन बोटं, कधी चार. न आलेल्या धक्क्याला हाताने आधीच उत्तर दिलेलं असतं. मला हे पहिल्यांदा दिसलं तेव्हा खरं वाटलं नव्हतं, कारण आपण स्थिर आहोत असंच आतून वाटत असतं. दहातल्या चार-पाच डमींवर नळी हलत असेल, तर त्या दिवशी नव्या कॅलिबरचं खोकं बंद करा. जोर लावून दचका जात नाही. आणखी बार काढले की तो पक्का होतो.

कागद काय सांगतो

उजव्या हाताच्या नेमबाजाचे छेद खाली-डावीकडे गेले की बहुधा दचकाच असतो. पण सगळा पुंजका अखंड वर सरकला असेल तर स्वतःला दोष देऊ नका. जड आणि संथ गोळी नळीत जास्त वेळ असते, तेवढ्यात नळी वर उचलायला लागलेली असते, म्हणून ती कागदावर वर लागते. एकाच रिव्हॉल्व्हरमधून १५८ ग्रेनचं .३८ आणि १२५ ग्रेनचं .३५७ वेगवेगळ्या उंचीवर लागतात. नव्या कॅलिबरच्या पहिल्या दिवशी पुंजका कुठे पडला ते बघूच नका. किती पसरला तेवढंच बघा. जागा नंतर साइट फिरवून सुधारता येते.

काडतुसांचा हिशेब माझा असा असतो. सुरुवातीला ओळखीच्या .२२चे पाच बार एका कोऱ्या कागदावर. मग नवं कॅलिबर: ९ मिमी असेल तर वीस-पंचवीस, .४५ असेल तर पंधरा, मॅग्नम असेल तर सहा. पैसे भरून आणलेलं पन्नासाचं खोकं संपवायचा आग्रह धरू नका. उरलेली काडतुसं पुढच्या खेपेला चालतात. त्यानंतर हात झटकून पाच मिनिटं बसा आणि नव्या कागदावर .२२चे पुन्हा पाच बार काढा.

मग पहिला आणि शेवटचा कागद एकमेकांवर धरून उजेडात बघा. दोन्ही पुंजके सारखे असतील, तर पुढच्या वेळी हेच कॅलिबर पाच काडतुसं वाढवून घ्या. शेवटचा पसरला असेल, खाली ओघळला असेल, तर पुढच्या दोन खेपा फक्त .२२ आणि डमी, आणि परत याल तेव्हा त्याच कॅलिबरची जास्त जड बंदूक मागा. कागदांच्या मागे तारीख, बंदूक, गोळीचे ग्रेन आणि बारांची संख्या लिहून ते जपून ठेवा.